विसावा भाग

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत, लेथ थांबवून
दस्तगीर शिकलगार चिंधीला हात पुसतात.
मला स्टूल. स्वतः बिडाच्या ढिगावर टेकतात.
माझ्याकडे प्रश्नावली : तीस प्रश्न, विद्यापीठाचा शिक्का.
त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत
सहा शटडाऊनांची नोंद.
किनाऱ्यावरच्या अणुभट्टीत व्हॉल्व्ह बदलायला जायचे, कंत्राटावर,
छातीला बिल्ला लावून.
बिल्ला महिन्यानं परत जायचा, आकडा मागाहून यायचा.
एकूण एकोणनव्वद मिलिसिव्हर्ट.
"पगारापेक्षा ह्योच येळंवर यायचा," म्हणाले.

मी काय करते ते सांगते.
हजार माणसांना एकेक मिलिसिव्हर्ट वाटते, कागदावर,
आणि माझं कोष्टक म्हणतं :
एका माणसाचा विसावा भाग मेला.
कुठला विसावा? करंगळी? आवाज?
मुलीच्या शाळेतलं एखादं स्नेहसंमेलन?
मराठीत वाटेत टेकण्यालाही हाच शब्द आहे.
टाइप करताना दर वेळी हात अडखळतो.

मग त्या विसाव्याला किंमत लावायची.
उपचार, बुडालेली मजुरी, मिरजेच्या दवाखान्याच्या खेपा,
वेदनेसाठी वेगळा रकाना, तो बराच काळ रिकामा.
मग वजावट.
रोग तीस वर्षांनी यायचा, हिशेब आजच्या पैशांत हवा :
आठ टक्क्यांनी तेव्हाचे एक लाख
आज नऊ हजार नऊशे अडतीस.
उशिरा येणारं मरण स्वस्त पडतं.
शेवटी विजेच्या युनिटांनी भागायचं,
उत्तर रुपयापर्यंत पोचतसुद्धा नाही.
कोळशाच्या रकान्यात याहून जास्त माणसं आहेत, हेही खरं.
पहिल्या पानावरच लिहिलंय मी ते.
त्यानं झोप लागते असं नाही.

ह्या गावाला पंचगंगा फुटांत कळते.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस, इशारा.
त्रेचाळीस, धोका.
अडतीसला लोक पुलावर कणसं खात पाणी बघतात.
माझ्या समीकरणाला काठ नाही.
पहिल्या थेंबापासूनच पूर धरायचा,
लहान, फार लहान.

प्रश्न चौदा. वाचून दाखवते :
दहा हजारांत एक एवढी जादा जोखीम
वर्षाला किती रुपये मिळाले तर पत्कराल?

"त्यो एक आदीच ठरलाय, का मागनं काढतासा?"
मागनंही कळत नाही, मी म्हणते.
कुठून आला, हे कॅन्सर सांगत नाही.
"मग माझं किती?"
हजारात चार, साडेचार.
भट्टी न पाहिलेल्यांतही हजारात साठ-सत्तर जातातच.
"आनि चुकलं तर किती चुकतंय तुमचं?"
निम्म्यानं. किंवा दुपटीनं.

ते व्हर्नियर उचलतात, माझ्या हातातलं पेन काढून घेतात,
जबड्यात धरून उजेडाकडे वळतात.
"धा पूर्णांक बेचाळीस. दोन शतांश हिकडं-तिकडं झालं
तर पार्टी माल परत धाडती."
चहा येतो. कान तुटलेला कप
माझ्याकडे येऊ नये म्हणून ट्रे हळूच फिरवतात.

"भाव घरात इचारून सांगतो. लिवा तसं."

तसं लिहायला जागा नाही.
नव्याण्णव हा कोड आहे : उत्तर नाही.
सरासरी काढताना नव्याण्णव गळतात.

पंधरा दिवसांनी फोन आला, मागे लेथ चालूच.
"मॅडम, इचारलं घरात.
ती म्हन्ती, घेनारा कोन हाय ते आदी सांगा,
मग बोलू भावाचं."

अहवाल जाऊन चार दिवस झाले होते.